वर गेलेल्या ओळी

लिहिण्यात चुका होतील, हे आधीच सांगून ठेवते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच वाचता येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं याडीनं, म्हणजे आमच्या बोलीत आईनं, घरी ठेवलं. लहान भावंडं होती. तांड्यातल्या आम्हा मुलींची शाळा तेवढीच व्हायची. हे कोणाला दाखवायचं नाही. कोणाच्या हाती लागलंच तर त्यानं हसू नये, एवढंच.

कागद मात्र चांगला आहे. लांबच लांब, घडीवर घडी, दोन्ही कडांना बारीक भोकं. एका बाजूनं गाड्यांची वजनं छापलेली, दुसरी बाजू कोरी. हा कागद बाबूजींनी दिला. म्हणाले, "फेकून देणार आहेत, कमळाबाई. तुम्ही घेऊन जा. चूल पेटवा नाहीतर काही लिहा." चुलीला मी तो लावला नाही.

बाबूजी म्हणजे वझलवार बाबूजी. आर्णीच्या बाहेर आमची जिनिंग होती, म्हणजे कापसातली सरकी काढायचा शेठचा कारखाना, तिथल्या वजनकाट्यावर ते बसायचे. मी झाडायला आणि चहाला होते. नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा, मी पोरींच्या शाळेसाठी मागं राहायची. अशी चौदा वर्षं मी बाबूजींना पाहिलं. त्यांचं शिक्षण किती, ते मूळचे कुठले, हे मला नीट माहीत नाही. घरात वाडवडिलांपासून कचेरीचीच कामं होती, एवढं ऐकून होते. विचारायची माझी हिंमत नव्हती आणि सांगायची त्यांना सवय नव्हती.

सकाळी साडेनऊला त्यांची लुना यायची. उतरले की पँटच्या पायांना लावलेल्या दोन क्लिपा काढून खिशात ठेवायचे. मग नळावर साबणानं हात धुवायचे, पार कोपरापर्यंत. मग मशीनवरचा, म्हणजे काट्याच्या कॉम्प्युटरवरचा, क्रोशाचा रुमाल उचलून घडी करायचे. तो त्यांच्या बायकोनं, काकूंनी, विणलेला. जिनिंगमध्ये कापसाचा फुफाटा सगळीकडे बसतो. मी पुसलेल्या टेबलावर पाच मिनिटांत बोट ओढलं तर रेघ उमटायची. त्या रुमालाखाली कधी उमटली नाही.

मला ते 'कमळाबाई' म्हणायचे आणि 'तुम्ही' म्हणायचे. बाकीचे 'ए बाई' म्हणत. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या मागं दुसरं कोणी उभं आहे.

त्यांच्या तोंडी एक बोलणं होतं. "थांबा, मागं जाऊ." पेनाचं टोपण हरवलं की म्हणायचे, "थांबा, मागं जाऊ. शेवटी कुठं पाहिलं होतं?" बोलता बोलता विषय सुटला तरी तेच. काकूंचा फोन आला की आम्हाला एका बाजूचं ऐकू यायचं, "अगं थांब, मागं जाऊ, तू डाळ सांगितली होती का तांदूळ?" गेटवरचे शेषराव त्यांची नक्कल करायचे. पण ते बोलणं खरं तर मशीनवरून आलेलं होतं.

शेठच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर डोंगर दिसायचे, फुलं दिसायची. बाबूजींच्या मशीनला चित्र नव्हतं. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. "हे युनिक्सचं घराणं आहे, कमळाबाई. इथं चित्रं नाहीत, काम आहे," असं म्हणायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते ज्या आवाजात म्हणायचे तो आवाज मला आवडायचा. काट्यावर गाडी उभी राहिली की पडद्याच्या तळाला एक ओळ यायची. गाडीचा नंबर, वजन, वेळ. पुढची गाडी आली की ती ओळ एक घर वर सरकायची. अशी वर वर जात ती पडद्याबाहेर जायची.

दोन हंगाम गेल्यावर मी एकदा विचारलं, "वरच्या वळी कुठी जातात?"

बाबूजींनी मान वळवून पाहिलं. मी स्वतःहून बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असेल. म्हणाले, "जात नाहीत. वरच असतात. हात धुऊन या."

मी हात धुऊन आले. त्यांनी मला उभ्यानंच दोन बटणं दाखवली. डाव्या हातानं शिफ्ट धरायचं, उजव्या हातानं पेजअप. मी दाबलं आणि सगळा पडदा खाली आला. दुपारच्या ओळी गेल्या, सकाळच्या आल्या. आकडे मला वाचता येतात. अजून दाबलं तर पहिल्या गाडीची ओळ आली, दहाला पाच कमी. त्या वेळी मी बाहेर ओटा झाडत होते. गेलेली वेळ तशीच ठेवलेली दिसली.

"एवढ्यासाठी मी या मशीनवर आहे," बाबूजी म्हणाले.

त्यांच्या खिडकीवर एक रिवाज होता. पावतीवरचं वजन कमी वाटलं तर कास्तकार खिडकीशी येऊन म्हणायचा, "बाबूजी, मांगं दाखवा." बाबूजी ती दोन बटणं दाबायचे, त्याच्या गाडीची ओळ आणायचे आणि पडदा दोन्ही हातांनी खिडकीकडे वळवायचे. वाचता येत नसलं तर मोठ्यानं वाचून दाखवायचे. भरली गाडी एवढी, रिकामी गाडी एवढी, कापूस एवढा. त्या खिडकीवरून कोणी माणूस न पाहता परत गेला नव्हता. बाबूजींना पगाराचा गर्व नव्हता, घराण्याचा नव्हता. या एका गोष्टीचा होता.

एकदा एक ट्रॅक्टरवाला आला. डोळ्यावर चष्मा, मागं चार माणसं.

"ओ बाबू, दोन क्विंटलचा फरक कसा काय? काटा मारता का राजेहो?"

"काटा मारायला हात लागतो दादा, अन् माझे दोन्ही तुमच्यासमोर आहेत. थांबा, मागं जाऊ." बाबूजींनी पडदा वळवला. "ही तुमची सकाळची फेरी. रिकामी ट्रॉली अठरा क्विंटल. ही आताची. रिकामी ट्रॉली वीस. सकाळपासून ट्रॉली काय जेवली?"

लोक हसले. शेषराव गेटवरून ओरडले, "तीन पोट्टे वरतं बसून चहा पेऊन राह्यले होते ना, तुमचेच."

ट्रॉली पोरं उतरवून परत मोजली. दोन क्विंटल निघाले, त्या ट्रॅक्टरवाल्याच्याच बाजूनं. बाबूजींनी नवी पावती दिली आणि म्हणाले, "चहा पाजायचा तर खाली उतरवून पाजत जा." त्या दिवशी सगळ्यांचा चहा ट्रॅक्टरवाल्यानं दिला. मी चौदा कप धुतले.

पहिले मशीनचा आवाज गेला. वजन पक्कं झालं की मशीन टुक अशी वाजायची आणि गाडीवाला गाडी पुढं काढायचा. एका वर्षी नागपूरहून माणसं येऊन मशीन नवी करून गेली, म्हणजे मशीन तीच, आतलं नवं. त्याला अपडेट म्हणतात. त्यानंतर टुक बंद झालं. बाबूजींनी दोन दिवस फोन केले. मग एक स्टीलचा ग्लास टेबलावर पालथा ठेवला. वजन झालं की पेनानं त्यावर एकदा वाजवायचे. गाडीवाल्यांना महिन्याभरात सवय झाली. "आवाज गेला तर जाऊ द्या. आवाज आपल्याला काढता येतो," ते म्हणाले.

मग बोंडअळीची वर्षं आली. बोंड बाहेरून चांगलं दिसायचं, फोडलं की आत किडकं. वेचायला गेलेल्या बाया अर्ध्या दिवसात परत यायच्या. आमच्याकडच्या गाड्या निम्म्यावर आल्या. माणसं गाडीसोबत यायची, पण बोलायची नाहीत. काही नेहमीचे चेहरे दिसेनासे झाले आणि त्यांचं कोणी विचारायचं नाही. मीही विचारलं नाही. झाडत राहिले.

त्यातल्याच एका हंगामाच्या तोंडी नागपूरची मॅडम आली. वय पंचविशीचं, बोलायला गोड, बाबूजींना काका म्हणायची. दिवसभर बसून तिनं परत अपडेट केलं. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी बाबूजींनी शिफ्ट धरून पेजअप दाबलं. पडदा हलला नाही. परत दाबलं. बटण खराब झालं म्हणून त्यांनी स्टोअरमधून जुना कीबोर्ड आणून लावला. तरी नाही.

फोन खिडकीशी ठेवून बोलत होते, म्हणून मला मॅडमचंही ऐकू आलं.

"काका, ते आता निघालं. या नव्या आवृत्तीत ते मागं जाणं काढून टाकलंय."

"काढून काहून टाकलं? वीस वर्षं होतं ते."

"जुनं होतं ना. त्यात दोष होते आणि ते सांभाळणारं कोणी राहिलं नव्हतं. वापरतही कोणी नाही."

"मी वापरतो."

"तुम्ही एकटेच असाल, काका."

"मग एक आहे असं लिहा त्यांना. आर्णीत एक आहे."

ती हसली. मग तिनं दुसरी युक्ती सांगितली, वेगळा एक प्रोग्राम आधी चालू करायचा आणि त्याच्या आत काम करायचं, म्हणजे मागं जाता येतं. बाबूजींनी ते लावून पाहिलं. मागं जाता येऊ लागलं, पण काट्यावरून आकडे यायचे बंद झाले. परत काढलं. जुनंच परत घाला म्हणाले, तर ते आता सुरक्षित नाही, शेठनी सही केली आहे, असं उत्तर आलं. आठ-दहा फोन झाले. मग त्यांनी फोन करणं सोडलं. बोटं मात्र ऐकत नव्हती. गाडी नसली की नुसते बसून शिफ्ट आणि पेजअप दाबत राहायचे. पडद्याकडे पाहायचेही नाहीत.

आता गणपतरावांचं सांगते. फुलसावंगीचे गणपतराव नऊ वर्षांपासून आमच्याकडं कापूस आणायचे. वाटेत दुसऱ्या जिनिंगा लागायच्या, भावही तोच, तिकडे न थांबता इथं यायचे. शेषराव विचारायचे, "काहून एवढं लंबं येता हो?" ते म्हणायचे, "इथी मांगं दाखवतात." आले की खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकून माझा चहा प्यायचे, साखर जास्त मागायचे आणि बाबूजींशी पावसाचं बोलायचे.

त्या वर्षी त्यांनी भाड्याच्या पिकअपमधून लागोपाठ दोन दिवस कापूस आणला. दुसऱ्या दिवशीची पावती घेऊन ते खिडकीशी आले. मी चहा ठेवतच होते.

"बाबूजी, मांगं लावून पाहा बरं जरासं. मले थोडं कमी वाटून राह्यलं."

बाबूजींचा हात गेला. शिफ्ट, पेजअप. एकदा, दोनदा. सवयीनं त्यांनी पडदा खिडकीकडे वळवलाही. मग दोन्ही हातांनी हळूच परत स्वतःकडे वळवला.

"दिसत नाही, गणपतराव."

"नाई दिसत?"

"नाही. ते मागचं काढून टाकलं."

"कोणं काढलं?"

"माहीत नाही कोणी."

गणपतराव पावतीकडे पाहत उभे राहिले. मागं लाईन होती, कोणी तरी हॉर्न दिला. त्यांनी पावतीची घडी केली. "तुमी म्हणता त बरोबरच असन," म्हणाले आणि गेले. चहा तसाच राहिला.

बाबूजींनी तो कप मला उचलू दिला नाही. त्याच्यावर साय धरली, तिच्यावर फुफाटा बसला. सुट्टीच्या वेळी म्हणाले, "भांडले असते तर बरं झालं असतं."

त्या रविवारी ते दोन एस.टी. बदलून फुलसावंगीला गेले. सोमवारी आम्हाला सांगितलं. गणपतरावांच्या घरी वेचाईची वही होती. वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते, रोज संध्याकाळी वावरातच प्रत्येकीचा कापूस आकड्याच्या काट्यानं मोजतात. बाबूजींनी ती वही पानोपान मिळवून पाहिली. पहिल्या दिवसाची गाडी बरोबर होती, पाच-सात किलोचा फरक, तेवढा कापूस वाळतो. दुसऱ्या दिवशीच्या गाडीत एक क्विंटल ऐंशी किलो कमी.

शेठकडे गेले तर शेठ म्हणाले, "पावती म्हणजे पावती, बाबूजी. बायांच्या वहीवर मी पैसे वाटत बसू का?" त्यात शेठचीही तशी चूक म्हणता येत नाही.

बाबूजींनी काकूंच्या भिशीतले नऊ हजार गणपतरावांना नेऊन दिले.

"घेतले का त्यानं?" शेषरावांनी विचारलं.

"घेतले. मोजले नाहीत."

शेषराव तंबाखू मळत होते. म्हणाले, "पण फरक आला कसा? त्या दिवशी गर्दी होती लगीत. त्या फुलसावंगीवाल्याले त मी नंबरबी टाकला नाई, पहिलेच टाकेल होता. सतरा." आणि मळलेला तंबाखू ओठाखाली ठेवून गेटवर गेले. बाबूजी दुसरीकडे पाहत होते. त्यांनी ते ऐकलं नाही. मी ऐकलं.

जिनिंगमध्ये माझं हंगामातलं अजून एक काम होतं. गाडी आत येताना शेषराव तिच्या मागच्या फळीवर खडूनं नंबर टाकायचे. रोज सकाळी एकपासून. बाबूजी तोच नंबर मशीनमध्ये घालायचे, भरल्या गाडीच्या वेळी आणि रिकामीच्या वेळीही. गाडी रिकामी होऊन बाहेर निघाली की मी ओल्या फडक्यानं तो पुसायची, म्हणजे उद्याच्या नंबरात गोंधळ नको. पहिल्या दिवशी संध्याकाळी गणपतरावांची पिकअप बाहेर निघाली तेव्हा शेठकडे पाहुणे आले होते आणि सहा चहा सांगितले होते. फडकं नळावर होतं. पिकअप माझ्यासमोरून गेली. सतरा आकडा जाताना मी पाहिला. वाटलं, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी ती कालचाच सतरा घेऊन आली. शेषरावांना वाटलं, आपणच टाकला.

हे सांगायला मला नऊ दिवस लागले. रोज सकाळी ठरवायची आणि रोज चहा ठेवून परत यायची. दहाव्या दिवशी बोलता आलं नाही म्हणून मी फडकंच त्यांच्या टेबलावर ठेवलं. ओलं, मळकं. ज्या टेबलावर ते धूळ बसू द्यायचे नाहीत त्या टेबलावर.

बाबूजींनी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सतरा," मी म्हणाले. "मी पुसला नोता."

त्यांनी डोळे मिटले. "थांबा, मागं जाऊ," म्हणाले आणि मोठ्यानं बोलू लागले. "गणपतराव सकाळी आले, जुना सतरा घेऊन. मी सतरा घातला. नंतर शेषरावांचा खरा सतरा आला, दुसरी गाडी. मशीननं विचारलं, सतराचं वजन आहे, बदलू का? मी हो म्हटलं. ती रोज वीस वेळा काहीतरी विचारते, मी हो म्हणतो. म्हणजे गणपतरावांचं भरलं वजन पुसलं, दुसऱ्याचं बसलं. पावती त्याच्यावर निघाली." मग डोळे उघडून म्हणाले, "मागं जाता आलं असतं तर दोन सतरा दिसले असते. आधीही दोनदा असं झालं होतं. तिथंच कळलं होतं."

मी म्हणाले, "पैसे मी देतो, बाबूजी."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, राहू द्या बाई, तुमची परिस्थिती काय. बाबूजी तसं म्हणाले नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि भागाकार मांडला. "चौघांची चूक आहे. शेषराव, तुम्ही, मी, अन् ज्यानं मागं जाणं काढलं तो. नऊ हजाराचे चार हिस्से. तुमचा दोन हजार दोनशे पन्नास."

"महिन्याले पन्नास चालन?"

"चालेल."

शेषरावांना सांगितलं तर ते हसले आणि तंबाखूची पुडी पुढं केली, "हा घ्या माहा हिस्सा." बाबूजींनी ती पुडी खरंच घेतली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. मॅडमला फोन करून म्हणाले, "तुमच्या त्या माणसाला कळवा, त्याचा आर्णीचा हिस्सा राहिला आहे." मॅडम म्हणाली, "काका, तो कोणत्या देशात असतो तेही मला माहीत नाही." बाबूजी म्हणाले, "बरं. मग माझ्याकडे राहील." ते थट्टा करत होते की नाही, मला अजून सांगता येत नाही.

मग त्यांनी हा कागद आणला. जुना छापायचा प्रिंटर कोपऱ्यात पडून होता, तो पुसून मशीनला असा जोडला की पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ लगेच कागदावर छापायची. दिवसभर खर्र खर्र चालायचं. कागद टेबलामागच्या टोपलीत घडीवर घडी पडत जायचा. कोणी विचारलं की बाबूजी टोपलीतून कागद वर ओढायचे आणि ओळ दाखवायचे. एक हंगाम तसा गेला. विचारणारे फार नव्हतेच. गणपतराव त्या वर्षी आले नाहीत. वाटेतल्याच जिनिंगमध्ये घालतात, असं त्यांच्या गावचा एक जण म्हणाला. बाबूजींनी ऐकून घेतलं आणि ग्लास वाजवला.

शेठनी कागदाचं बिल पाहिलं. "बाबूजी, कागदाचं दुकान टाकायचं का?" प्रिंटर बंद झाला. मग बाबूजी ओळी हातानं वहीत उतरवू लागले. एक गाडी लिहीपर्यंत दुसरी काट्यावर यायची, हॉर्न वाजायचे. पुढच्या दिवाळीला सगळंच नवीन आलं, रंगीत पडदा, कॅमेरा, वजन मोबाईलवर. बाबूजींना सांगितलं, आता तुम्ही आराम करा. त्यांनी क्रोशाच्या रुमालाची घडी केली, पालथा ग्लास सुलटा करून पिशवीत ठेवला, पँटला क्लिपा लावल्या आणि गेले. शेठनी नारळ दिला होता, तो लुनाच्या पुढच्या बास्केटमध्ये डुगडुगत होता. मी ओटा झाडत होते. मला काही वाटलं नाही. त्या वर्षांत काही वाटायचंच नाही.

दुसऱ्या वर्षी जिनिंग दोनच महिने चालली. मी सोयाबीनच्या कामावर जाऊ लागले. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र आर्णीत बाबूजींच्या घरी जायची. काकू चहा द्यायच्या. मी पन्नासची नोट ठेवायची. बाबूजी भोकांच्या कागदाची एक घडी काढायचे आणि शेवटच्या ओळीखाली एक ओळ लिहायचे. एकदा नवरा उसाच्या फडावरून ताप घेऊन आला, महिना चुकला. पुढच्या वेळी मी शंभर नेले तर त्यांनी पन्नास परत केले. "एका ओळीत एकच," म्हणाले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पंचेचाळीसाव्या पन्नासला. शुगरनं ते खूप उतरले होते. एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं होतं. मी नोट ठेवली तर म्हणाले, "थांबा." काकूंनी तांब्यानं पाणी घातलं, त्यांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. मग कागद काढला. ओळ लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मी भिंतीकडे पाहत बसले.

"मागं जाऊ," ते म्हणाले.

कागदाचं खालचं टोक त्यांनी मांडीवर धरलं आणि एक एक ओळ वरून खाली ओढत वाचू लागले. पन्नास. पन्नास. पन्नास. इथं तुम्ही आल्या नव्हत्या. पन्नास. वाचलेला कागद त्यांच्या पायाशी घडी होऊन पडत होता. काकू दारात उभ्या होत्या. शेवटी सगळ्यात वरची ओळ आली. ती माझी नव्हती. त्यांनी ती सावकाश वाचली. सतरा नंबर, फुलसावंगी, एक क्विंटल ऐंशी किलो, नऊ हजार.

कागद त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवला.

"दिसलं?"

"दिसलं, बाबूजी."

"दोन हजार दोनशे पन्नास. पूर्ण आले."

खाटेजवळच्या स्टुलावर तो स्टीलचा ग्लास पालथा होता. त्यांनी पेनानं त्यावर एकदा वाजवलं. मी पिशवी उचलली आणि निघाले.